आतड्यातील जिवाणू आणि डायव्हर्टिक्युलर विकार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूरच्या आदिवासी पट्ट्यात नागली, वरई, हुलगे, वाल हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनाबद्दल २०२० मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली. अशा चोथायुक्त आहाराचे महत्त्व मोठ्या आतड्याच्या एका विकारातही दिसून येते.

मोठ्या आतड्याच्या भित्तीत रक्तवाहिन्या जेथून शिरतात, ती जागा कमकुवत असते. तेथून आतले अस्तर बाहेर ढकलले जाऊन बारीक पिशव्या तयार होतात. यास 'डायव्हर्टिक्युलोसिस' म्हणतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. मात्र पिशवीला सूज आली, की 'डायव्हर्टिक्युलायटिस' उद्भवतो. पाश्चात्त्यांत पिशव्या प्रामुख्याने डाव्या बाजूस, तर आशियात बऱ्याचदा उजव्या बाजूस आढळतात. त्यामुळे हे दुखणे अपेंडिक्सचे वाटण्याचा संभव असतो.

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असल्याचा अंदाज असून, त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. तंतुमय पदार्थ आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. चोथा कमी पडला, की ही आम्ले घटतात व अस्तराचे संरक्षण दुबळे होते. या विकाराच्या रुग्णांत जिवाणूंचे प्रमाण बदललेले आढळते; परंतु हा बदल आजाराचे कारण की परिणाम, याचा निर्णय झालेला नाही.

चोथ्याचा अभाव हेच या विकाराचे मूळ, असे मत पेंटर व बर्किट यांनी १९७१ मध्ये मांडले. ब्रिटनमधील सुमारे ४७ हजार जणांच्या २०११ मधील अभ्यासात शाकाहारी व अधिक चोथा खाणाऱ्यांत या विकाराचा धोका कमी आढळला. मात्र २०१२ मधील एका अमेरिकी अभ्यासानुसार चोथ्यामुळे पिशव्या होणे टळत नाही. म्हणजेच चोथ्याचा लाभ पिशव्या रोखण्यापेक्षा पुढचा त्रास टाळण्यात अधिक असावा. शेंगदाणे वा बिया पिशवीत अडकतात, ही समजूतही २००८ मधील संशोधनाने खोटी ठरविली.

उपचारांतही बदल झाला आहे. साध्या सुजेत प्रत्येकास प्रतिजैविके देण्याची गरज नसते, असे स्वीडन (२०१२) व नेदरलँड्स (२०१७) येथील चाचण्यांनी दाखविले. तो निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

पोटात सतत दुखणे, ताप किंवा शौचावाटे रक्त जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. दुखणे ओसरल्यावर चोथा हळूहळू वाढवावा व पाणी पुरेसे प्यावे.