पिवळा दिवा आणि वाचण्याचा हक्क : गाडीच्या दोषसंकेतांचा इतिहास

कोलकात्याच्या रस्त्यांवरून पिवळ्या अँबेसेडर टॅक्सी दिसेनाशा होत चालल्याची बातमी गेल्या काही वर्षांत आपण अनेकदा वाचली असेल. २००८ साली कोलकाता उच्च न्यायालयाने महानगर परिसरातील पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने रस्त्यावरून हटवण्याचा आदेश दिला. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. या दोन गोष्टींची बेरीज केली, की उरलेल्या टॅक्सींचे आयुष्य कोणालाही मोजता येते. मुंबईकरांना ही हुरहूर नवी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी काळ्या-पिवळ्या प्रीमिअर पद्मिनीला असाच निरोप दिला.

या गाड्यांबरोबर त्यांचे रूप गेले, त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्याबरोबर गाडी वाचण्याची एक जुनी रीतही गेली, तिच्याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. ती रीत का गेली, तिच्या जागी काय आले आणि आज आपल्या दारातल्या दहा-बारा वर्षांच्या गाडीचा दोष घरबसल्या वाचण्याची सोय आपल्याला कोणी मिळवून दिली, हे पाहण्यासारखे आहे.

हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४२ साली गुजरातेत ओखा बंदरात स्थापन झाली आणि १९४८ साली हुगळी नदीच्या पश्चिम काठावरील उत्तरपाड्याला आली. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवर बेतलेली अँबेसेडर तेथे तयार होऊ लागली. तिच्या पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण करण्याचे काम कार्ब्युरेटर करीत असे. हे यंत्र पूर्णपणे यांत्रिक होते, त्यामुळे त्याचा दोष डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई, नाकाला कळे. स्पार्क प्लग काढून पाहिला, की निदान निम्मे झालेच. टोकावर काळी काजळी असेल तर इंधन जास्त, पांढरट कोरडेपणा असेल तर हवा जास्त, फिकट तपकिरी रंग असेल तर सारे ठीक. पेचकसाचे पाते इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतला खडखडाट नेमका कुठे आहे हे सांगणारे मिस्त्री मल्लिक बाजारच्या गल्ल्यांत होते, तसे ते पुण्यात आणि कोल्हापुरातही होते. त्यांच्या ज्ञानाला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

ही रीत मोडली ती हवेमुळे. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिस शहरावर साचणाऱ्या, डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरात आहे, हे आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. पुढे १९७० च्या दशकात धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गाड्यांत बसू लागला. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंमुळे विषारी वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. मात्र तीनही प्रमुख प्रदूषक एकाच वेळी हाताळायचे असतील, तर हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ राहावे लागते. इतके काटेकोर प्रमाण क्षणोक्षणी राखणे साध्या कार्ब्युरेटरला जमत नाही. त्यासाठी धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक हवा, आणि त्याचे ऐकून इंधन कमीजास्त करणारा संगणक हवा.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक बंधनकारक झाला. शिसे त्यातील धातूंना निकामी करते, म्हणून त्याच वेळी शिसेविरहित पेट्रोलही तेथे उपलब्ध करून देण्यात आले. पुढच्या काही वर्षांत इंधन फवारणारी आणि संगणकाच्या आज्ञेत चालणारी इंजिने रुळली. हवेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. मिस्त्रीच्या दृष्टीने मात्र एका रात्रीत ओळखीची लिपी बदलावी तसे झाले. दोष आता एका बंद पेटीत विद्युत्दाबाच्या आकड्यांत नोंदला जाऊ लागला, आणि ती पेटी उघडणारे उपकरण कंपनीच्या कार्यशाळेत होते.

आरंभीच्या संगणकांनी एक पळवाट ठेवली होती. निदानाच्या जोडणीतील दोन ठरावीक टोके तारेच्या तुकड्याने जोडली, की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकून अंक सांगे. एकदा लुकलुक, थोडी विश्रांती, मग दोनदा लुकलुक, म्हणजे १२. पण अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या पद्धतीत १२ म्हणजे वितरकाकडून इंजिन फिरत असल्याचा संकेत येत नाही, आणि सुझुकीच्या पद्धतीत १२ म्हणजे दोष नाही. एकच अंक आणि दोन अर्थ. प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी, कोश निराळा आणि उपकरणही निराळे.

हा गोंधळ मिटला तोही हवेच्याच कारणाने. कारखान्यातून बाहेर पडताना स्वच्छ असणारी गाडी काही वर्षांत संवेदक खराब झाल्यामुळे कित्येक पट धूर ओकू शकते, आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करावी, असा नियम कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून लागू केला. ओबीडी या नावाने आपण ओळखतो ती पद्धत ही. १९९० साली अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात जी सुधारणा झाली, तिने आणखी पुढचे पाऊल टाकले. निदानाची जोडणी सर्व गाड्यांत एकसारखी असावी, ती वापरण्यास कोणताही गुप्त संकेत लागू नये, केवळ उत्पादकाकडेच मिळणारे उपकरण लागू नये आणि मिळालेली माहिती उलगडण्यासाठी उत्पादकाचा खास कोश लागू नये, असे कायद्यानेच ठरवले. १९९६ पासून तेथील सर्व नव्या मोटारींत सोळा टोकांची तीच जोडणी आली. स्टिअरिंगखाली वाकून पाहिल्यावर दिसणारे ते लहानसे समलंब चौकोनी तोंड या कायद्यातून आले आहे. कंपन्यांनी स्वखुशीने दिलेली ती देणगी नव्हे.

भारतात ही व्यवस्था बीएस-४ मानकांबरोबर आली. एप्रिल २०१० पासून कोलकात्यासह तेरा शहरांत ही मानके लागू झाली आणि त्यांच्यासोबत ओबीडीचा पहिला टप्पा आला. एप्रिल २०१३ पासून अधिक कडक असा दुसरा टप्पा सुरू झाला. त्याच २०१३ साली बीएस-४ ला उतरणारी अँबेसेडर 'एन्कोर' या नावाने बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी कारखाना थांबला. कानाने वाचण्याच्या युगातली ही गाडी आकड्यांच्या युगाच्या उंबरठ्यापर्यंत कशीबशी पोचली, असे म्हणावे लागेल.

आपली गाडी २०१० नंतरची असेल, तर तिचे दोषसंकेत घरी वाचणे अवघड नाही. ब्लूटूथवर चालणारा काडेपेटीएवढा जोड त्या सोळा टोकांत बसवावा, इंजिन सुरू न करता चावी फिरवावी आणि मोबाइलवरील ॲपमध्ये संकेत पाहावा. त्याआधीच्या गाड्यांत जोडणीचा आकार तोच असला, तरी आतली भाषा अनेकदा कंपनीची खासगी असते. अशा गाडीशी हा जोड बोलू शकला नाही, तर तो बिघडला आहे असे समजू नये.

संकेताची रचना सोपी आहे. पहिले अक्षर 'पी' असेल तर दोष इंजिन किंवा गिअरच्या यंत्रणेतला. त्यानंतर शून्य असेल तर सहसा सर्व कंपन्यांना समान असलेला संकेत, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या स्थानावरचा अंक विभाग सांगतो : १ किंवा २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे ठिणगी, ४ म्हणजे प्रदूषण नियंत्रण. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते आहे.

पण येथेच बहुतेकांची फसगत होते. पी ०४२० हा संकेत घ्या. त्याचा अर्थ 'परिवर्तक बदला' असा नाही. परिवर्तकाच्या पुढे आणि मागे प्राणवायूचे दोन संवेदक असतात. परिवर्तक निरोगी असेल तर मागच्या संवेदकाचे वाचन संथ असते; ते पुढच्यासारखे वरखाली होऊ लागले, की संगणक हा संकेत नोंदवतो. त्याचे कारण थकलेला परिवर्तक असू शकेल, धुराच्या नळीतील गळती असू शकेल किंवा बिघडलेला संवेदकही असू शकेल. कोलकात्याच्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि एखाद्या जोडणीत ओल शिरली, तर तीही आकडे बिघडवू शकते. मौल्यवान धातूंचा परिवर्तक बदलण्याचा खर्च आणि एक जोडणी कोरडी करण्याचा खर्च यांतले अंतर सांगायला नकोच. संकेत ही साक्ष आहे, निकाल नव्हे. म्हणून तो पुसण्याआधी लिहून घ्यावा, आणि दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनाचे फेरे संगणकाने जपून ठेवलेले असतात, तेही टिपून घ्यावेत. संकेत पुसला की ही नोंद जाते. दोष मात्र जागेवरच राहतो.

वाचण्याचा हा हक्क आजही पुरता सुरक्षित नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे अँबेसेडर थांबली त्याच वर्षी, भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा त्यांच्यावरील ठपक्याचा गाभा होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण गल्लीतल्या मिस्त्रीला गाडी वाचता न येणे हे त्याच्या अडाणीपणामुळे नव्हते, हे त्या आदेशाने नोंदवून ठेवले.

आणि गाडीचा संगणक सदैव खरेच बोलेल असेही नाही. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचा घोटाळा उघड झाला, तेव्हा त्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरील दिवा शांतच होता, कारण दिवा कधी लावायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम कंपनीचाच होता. सत्य सापडले ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांना, आणि त्यांच्यात भारतीय अभियंतेही होते. त्यांनी गाडीच्या धुराच्या नळीला मोजमापाचे यंत्र लावले आणि गाडी खऱ्या रस्त्यावर चालवली.

म्हणजे अखेर कान, नाक आणि डोळे निवृत्त झालेले नाहीत. आकडा कोठे पाहावे हे सांगतो. काय झाले आहे हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते. पेचकस कानाला लावणाऱ्या मिस्त्रीच्या हाती तो सोळा टोकांचा जोड आला, तर त्याच्याइतका चांगला वाचक दुसरा मिळणार नाही. पुढच्या वेळी तो पिवळा दिवा लागला, की घाबरू नये आणि घाईने पुसूही नये. आधी वाचावे, लिहून घ्यावे आणि मग तो कागद घेऊनच गॅरेजात जावे. ज्याच्या हाती नोंद असते, त्याच्याशी बोलणे वेगळे होते.