तारखेबाहेरचा भूकंप

कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला की 11 डिसेंबर 1967 ही तारीख आपोआप पुढे येते. त्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास 6.3 रिश्टरचा धक्का बसला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे 180 माणसे दगावली. हे सारे खरेच आहे. तथापि या एका तारखेच्या प्रकाशात कोयनेच्या इतिहासाचा बराचसा भाग झाकोळून जातो, असे आम्हाला वाटते.

कोयनेची जमीन एकदाच हादरलेली नाही. शिवाजीसागर जलाशयात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्यापाठोपाठ परिसरात लहान धक्के जाणवू लागले. मोठ्या भूकंपाच्या तीन महिने आधी, 13 सप्टेंबर 1967 रोजी, पाच रिश्टरहून मोठा एक धक्का येऊन गेला होता. पुढे 1973, 1980, 1993-94, 2000, 2005 अशी पाचच्या आसपासच्या वा त्याहून मोठ्या धक्क्यांची मालिकाच आहे. 1985 पासून वारणेचा जलाशय भरू लागल्यावर कंपनांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. लहान धक्क्यांची तर गणती हजारोंत होते.

अशा पुनरावृत्तीने बांधकामाचे नेमके काय होते? प्रत्येक धक्का इमारतीला दुबळी करतोच असे नाही. साहित्याच्या लवचीकतेच्या मर्यादेत राहणारे कंपन ती झेलते आणि पूर्ववत होते. मर्यादा ओलांडली गेली की मात्र खूण मागे राहते. दगडमातीच्या भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटू लागतात, मधली भर खाली बसते, भिंत फुगते. काँक्रीटमध्ये बारीक भेगा पडतात, सळईवरची त्याची पकड सैल होते, भेगेतून पाणी शिरून लोखंड गंजते. पुलाचा गाळा त्याच्या आधारावरून किंचित सरकतो आणि सरकलेलाच राहतो. बांधकामाचा ताठपणा असा थोडाथोडा कमी होत जातो आणि पहिल्या वेळी सहज पचलेला धक्का पुढच्या वेळी पचत नाही. जपानमधील कुमामोतो येथे हे फार थोड्या अवधीत दिसले. 14 एप्रिल 2016 च्या भूकंपात तग धरून राहिलेली अनेक घरे 16 एप्रिलच्या अधिक मोठ्या भूकंपात कोसळली. तिथे दोन दिवसांत जे घडले, त्याचे धीमे रूप कोयना खोऱ्यात दशकानुदशके चालत आले आहे.

धरणाच्या बाबतीत या साचत जाणाऱ्या हानीची दखल घेतली गेली. 103 मीटर उंचीच्या या धरणाच्या संकल्पनात भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के धरला होता. 1967 साली धरणातील यंत्राने प्रवाहाच्या दिशेने 49 टक्के आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने 63 टक्के नोंदवले. धरण उभे राहिले. मात्र मागील बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीच्या आसपास तडे गेले. ते इपॉक्सीने भरले, पोलादी तारा ताणून बसवल्या, उंच भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. पुढे सांडव्याचा भागही मजबूत करण्यात आला. आजचे कोयना धरण हे, एका अर्थाने, दुरुस्त्यांचा वाचता येणारा इतिहास आहे.

घरांना असा इतिहास लाभत नाही. भेग पडली की ती माती वा सिमेंट लावून बुजवली जाते, वरून चुना फिरतो आणि नोंद तिथेच संपते. भिंत तशी धडधाकट दिसते, पण तिचे बळ परत आलेले नसते. मग पुढच्या धक्क्यानंतर पंचनाम्यात प्रश्न उपस्थित होतो: हा तडा जुना की नवा? सरळ उत्तर देता येऊ नये असाच हा प्रश्न आहे. जुनाच तडा नव्या धक्क्याने उघडला असेल, तर हानी कोणत्या तारखेच्या खाती मांडायची? नुकसान अनेक वर्षांचे आणि कागद एका दिवसाचा, या विसंगतीत घरमालकाचे गाऱ्हाणे अपुरे राहते.

इतिहासलेखनाला तारखा लागतात, ते स्वाभाविक आहे. स्मारकासाठी, शोकसभेसाठी, सरकारी ठरावासाठी एक दिवस निश्चित करावाच लागतो. परंतु तारीख कोसळण्याची असते. कोसळेपर्यंतच्या झिजेला तारीख नसते, म्हणून ती कथनातून गळते. साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित असावी. एखाद्या कुटुंबाची वा गावाची मोडतोड सांगताना कादंबरीकार शेवटच्या आघातापाशी थांबत नाही, तो आधीचे बारीक तडे दाखवत येतो. स्थानिक इतिहासानेही हेच करायला हवे.

त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. कोयना-वारणा परिसरातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील जुन्या घरांची भिंतवार नोंद करावी: कोणती भेग कोणत्या साली पडली, कशाने बुजवली, पुन्हा केव्हा उघडली. घरातील वडीलधाऱ्यांना हे अजून सांगता येते. एका तारखेच्या स्मरणाशेजारी अशी एक वही असली, तर पुढच्या पंचनाम्यात त्या घराच्या बाजूने काहीतरी पुरावा मांडता येईल.