राजाच्या गालावरची चपराक

सणाला राजाने मिरवावे आणि प्रजेने डोळे भरून पाहावे, ही जगाची रीत. पण प्राचीन बाबिलोनमध्ये वर्षातून एकदा राजाला देवापुढे चपराक खावी लागे, आणि तीही पुजाऱ्याच्या हातची!

निसानू हा तिकडचा वर्षारंभाचा महिना, आपल्या चैत्राच्या सुमारास येणारा. त्यात अकितू नावाचा उत्सव अकरा-बारा दिवस चाले. पाचव्या दिवशी राजा नगरदैवत मार्दुक याच्या एसागिला मंदिरात येई. पुजारी त्याचा राजदंड व इतर राजचिन्हे काढून घेई, गालावर चपराक मारी आणि कान धरून त्याला देवापुढे गुडघे टेकायला लावी. आपण पाप केले नाही, नगरीची हेळसांड केली नाही, असे राजाने सांगायचे. मग राजचिन्हे परत मिळत आणि पुन्हा एक चपराक बसे. डोळ्यांत पाणी आले तर देव प्रसन्न. न आले तर राजाचा घात ठरलेला!

या विधीचा मजकूर ज्या मातीच्या पाट्यांवर सापडला, त्या पुढच्या, ग्रीक अमलातल्या आहेत. पण राजाने मार्दुकाचा हात धरल्यावाचून मिरवणूक निघायची नाही, हा दंडक त्याहून जुना.

त्याची प्रचीती नाबोनायडसच्या कारकिर्दीत (इ. स. पू. ५५६ ते ५३९) आली. चंद्रदेव सिन याचा हा निस्सीम भक्त राजधानी सोडून दहा वर्षे अरबस्तानातील तेमा येथे राहिला. पुत्र बेलशस्सर बाबिलोनियात होता, सैन्यही तेथेच होते; पण देवाचा हात धरण्याचा मान काही त्याला नव्हता. बखरकाराने वर्षामागून वर्षे एकच नोंद केली आहे : राजा आला नाही, देव बाहेर पडला नाही, अकितू झाला नाही.

अखेरच्या वर्षी राजाने उत्सव केला खरा. पण त्याच वर्षी, इ. स. पू. ५३९ च्या शरदात, इराणी सैन्य लढाईवाचून बाबिलोनमध्ये शिरले. विजेत्या सायरसने मातीच्या नळकांड्यावर लेख कोरविला. तो १८७९ साली उत्खननात सापडला. नाबोनायडसने मार्दुकाची पूजा बिघडविली, म्हणून देवाने नवा राजा शोधून त्याचा हात धरला, असे त्यात सांगितले आहे.

ही जेत्याची बाजू, हे उघड आहे. तरीही परका सायरस तलवारीची फुशारकी न मारता देवाच्या हाताची साक्ष काढतो, यातच सारे आले. त्या नगरीत राज्य जिंकता येई तलवारीने. पण राजा ठरे तो उत्सवात.