बागेतली नळी

इ. स. १६४८ च्या सप्टेंबरची १९ वी तारीख. मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ गावी, मिनिम पंथाच्या मठाच्या बागेत, सकाळी आठ वाजता काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत धर्मोपदेशक होते, एक वैद्य होता, सरकारी अधिकारीही होते. पुढारीपण फ्लोराँ पेरिए याच्याकडे होते. तो तेथील करविषयक न्यायालयात अधिकारी होता. त्याचा मेहुणा ब्लेझ पास्कल याने १६४७ च्या नोव्हेंबरात त्याला पत्राने एक काम सांगितले होते. ते पार पडण्यास दहा महिने लागले. कचेरीची कामे आणि प्रतिकूल हवा या दोन सबबी तेव्हाही होत्याच!

काम होते पाऱ्याची नळी डोंगरावर नेण्याचे. एका टोकाशी बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरावी आणि पाऱ्याच्याच भांड्यात उपडी धरावी, तर पारा थोडा उतरून सुमारे ७६ सेंटिमीटरांवर थांबतो. तो तेथेच का थांबतो? निसर्गाला पोकळीचे वावडे आहे, असे जुने पंडित म्हणत. बाहेरच्या हवेचे वजन त्याला तोलून धरते, असे १६४४ मध्ये इटलीतील टोरिचेलीने सुचविले. पास्कलचा युक्तिवाद साधा होता. डोंगरमाथ्यावर डोक्यावरची हवा कमी. तेव्हा कारण वजन असेल, तर पारा तेथे अधिक उतरला पाहिजे. निसर्गाचे वावडे काही पायथ्याशी एक आणि शिखरावर दुसरे असणार नाही.

बागेत दोन नळ्यांत पारा सारखाच भरला: २६ इंच आणि वर साडेतीन रेषा. (तत्कालीन फ्रेंच इंचाचा बारावा भाग म्हणजे एक रेषा.) एक नळी तेथेच ठेवून मंडळी पुई द दोमचा सुमारे तीन हजार फुटांचा चढ चढली. शिखरावर पारा २३ इंच २ रेषांवर आला. मंडळी चकित झाली. त्यांनी उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यात असे पाच वेळा मोजून पाहिले, आकडा तोच. उतरताना वाटेत मोजले, तर २५ इंच.

इतिहास येथे टाळ्या वाजवून थांबतो. मला मात्र बागेतल्या नळीपाशी थांबावेसे वाटते. तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी शास्ताँ नावाचा एक धर्मोपदेशक दिवसभर मागे राहिला होता. शिखर त्याने पाहिले नाही. ऊन, पाऊस, धुके, वारा असे सारे त्या दिवशी होऊन गेले. त्याचा पारा हलला नाही. आमच्या कचेरीत काही घडले नाही तरी ‘निरंक’ असा अहवाल पाठवावा लागतो आणि आम्ही कारकून त्याची थट्टा करतो. शास्ताँचा अहवाल असाच निरंक होता. पण तो नसता, तर शिखरावरचा पारा उंचीमुळे उतरला की बदलत्या हवेमुळे, हे कोण सांगणार होते?

पास्कलने त्याच वर्षी हा वृत्तान्त छापला. कल्पना आपली होती, असे देकार्तने म्हटले आणि श्रेयाचा वाद सुरू झाला. दाबाच्या एककाला १९७१ मध्ये पास्कलचे नाव मिळाले. पेरिएने मात्र नळी टाकून दिली नाही. १६४९ पासून १६५१ पर्यंत तो क्लेरमाँमध्ये दररोज पाऱ्याची उंची टिपीत राहिला. आणि त्याच्या त्या नोंदींत, डोंगर न चढताही, पारा हवेबरोबर वरखाली होताना दिसतो.