हॉइट विल्हेम आणि बेसबॉलमधील बदली पिचरचे स्थान

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. सामना सुरू करणारा पिचर थकला किंवा प्रभावहीन ठरला, की बदली पिचर येतो. क्रिकेटमधील गोलंदाजाप्रमाणे पहिल्यास पुन्हा चेंडू हाती घेता येत नाही; तो सामन्यातूनच बाहेर पडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बदलीची जागा बहुधा मुख्य फळीत न बसणाऱ्यांच्या वाट्याला येई. या समजुतीस हादरा देणाऱ्यांत हॉइट विल्हेम (१९२२–२००२) अग्रगण्य होत.

उत्तर कॅरोलायनातील विल्हेम दुसऱ्या महायुद्धात जखमी झाले. प्रमुख लीगमध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून ते १९५२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, प्रथम उतरले. त्या हंगामात ७१ सामने, सर्व बदली म्हणून; त्यांत १५ विजय व ३ पराभव. त्यांचे अस्त्र होते नकलबॉल. बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ फिरकी न देता सोडलेला हा चेंडू संथ असतो. परंतु वाटेत कोठे वळेल याचा नेम नसतो. फलंदाजच नव्हे, तर स्वतःचा कॅचरही गोंधळे. म्हणून १९६० मध्ये बाल्टिमोरचे व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी कॅचरसाठी नेहमीपेक्षा मोठा हातमोजा करवून घेतला. या चेंडूने खांद्यावर फारसा ताण येत नसल्याने वाढते वय विल्हेम यांच्या आड आले नाही. शिकागो व्हाइट सॉक्सकडे १९६४ ते १९६८ या पाचही हंगामांत, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, दर नऊ डावांमागे त्यांनी दिलेल्या धावांची सरासरी दोनच्या आत राहिली.

तथापि या कामाचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न होता. विजय आणि पराभव हे प्रचलित मापदंड. आघाडी अखेरपर्यंत राखणाऱ्याच्या नावावर त्यांत काहीच जमा होत नसे. शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी पुरस्कारलेल्या ‘सेव्ह’ या नोंदीस अधिकृत मान्यता मिळाली ती १९६९ मध्ये. तोवर विल्हेम यांची बहुतेक कारकीर्द सरली होती. (गंमत अशी, की १९५८ मध्ये यांकीज संघास एकही हिट न देण्याचा त्यांचा गाजलेला पराक्रम सुरुवातीचा पिचर म्हणून घडला.)

वयाची पन्नाशी अवघ्या काही दिवसांवर असताना, जुलै १९७२ मध्ये, ते अखेरचे खेळले. तेव्हा त्यांच्या नावावर १,०७० सामने होते. तरीही हॉल ऑफ फेमसाठीच्या मतदानात ते सात वेळा अपयशी ठरले. १९८५ मध्ये आठव्या खेपेस त्यांची निवड झाली. मुख्यतः बदली पिचर म्हणून खेळलेल्या खेळाडूस मिळालेला हा पहिलाच मान होता.