हवाई सिपाही

गावात सगळे मामांना ‘पायलट’ म्हणत आणि मामा दर वेळी सांगत, “पायलट नव्हे बाबा, फिटर. माझी सही झाली की मग पायलट उडतो.” विमान सोडण्याआधी ते तपासणारा मेकॅनिक ‘फॉर्म ७००’वर सही करतो. त्यानंतर वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. मामांची हवाई दलातली सगळी नोकरी त्या सहीभोवती गेली. काम संपल्यावर ते पेटीतली हत्यारं मोजायचे. एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही.

कानपूरच्या चकेरी तळावर ते नवखे असताना जुने वॉरंट ऑफिसर त्यांना हरजिंदरसाहेबांच्या गोष्टी सांगत. त्याच गोष्टी मामांनी आम्हाला ओसरीवर सांगितल्या.

हरजिंदर सिंग लाहोरच्या मॅक्लॅगन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. त्या काळी अशा मुलाने चांगली नोकरी धरायची. हे भरती झाले ‘हवाई सिपाही’ म्हणून, अगदी खालच्या पायरीवर. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. विमानं फक्त ४, तीही जुनाट वापिती, कापडी पंखांची. इंग्लंडातल्या क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात शिकून आलेले मोजके भारतीय अधिकारी होते, त्यांत सुब्रतो मुखर्जी. बाकी सगळे हे सिपाही. हिंदी माणसाला विमान सांभाळता येईल का, याची अनेक इंग्रजांना शंकाच होती. हवाई दलाचा इतिहास आपण वैमानिकांच्या नावांनी पाठ करतो. पण त्या वर्षांत एक इंजिन बेफिकिरीने बंद पडलं असतं, तर बोट आधी या सिपायांकडेच गेलं असतं. मला ही बाब त्या काळातल्या कुठल्याही उड्डाणाइतकीच मोलाची वाटते.

पुढे वायव्य सरहद्दीवर, मीरानशाहच्या धुळीत, ही माणसं विमान दुरुस्त करत आणि गरज पडली की बंदूकवाले म्हणून त्याच विमानात मागे बसत. मामा इथे थांबून म्हणायचे, “आपण कसलेल्या बोल्टवर आपलाच जीव.”

मग १९४२ चा फेब्रुवारी, ब्रह्मदेशातलं टाउंगू. स्क्वॉड्रनचे प्रमुख होते ‘जंबो’ मजुमदार आणि त्यांच्या हाताशी होती लायसँडर विमानं. टेहळणीसाठी आणि फौजेच्या मदतीसाठी बनवलेलं हे संथ विमान. जपान्यांनी टाउंगूवर हल्ला केला. उलटा वार करायचा तर बॉम्ब हवेत, पण लायसँडर मोठ्या बॉम्बसाठी नव्हतंच. तेव्हा वॉरंट ऑफिसर असलेल्या हरजिंदर सिंगांनी हाताखालच्या माणसांसह त्यावर २५० पौंडी बॉम्ब बसवायची सोय केली. मजुमदारांनी ते विमान थायलंडमधल्या जपानी तळावर नेलं, बॉम्ब टाकले आणि परत आणलं. मजुमदारांचं धैर्य थोर होतंच. पण मामा ही गोष्ट सांगताना उड्डाणापाशी घाईने पुढे जायचे आणि आदल्या तयारीवर रेंगाळायचे: बॉम्ब कुठे टांगला असेल, वजन कसं पेललं असेल, अंधारात बत्ती कोणी धरली असेल. यातलं बरंच त्यांनी स्वतःच मनाशी रचलेलं होतं, हे ते मोकळेपणाने सांगत.

त्याच वर्षी हरजिंदर सिंग अधिकारी झाले. चढत चढत ते एअर व्हाइस मार्शल झाले, विमानांची देखभाल सांभाळणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरला जुळवलेलं पहिलं एव्हरो विमान उडालं ते त्यांच्याच देखरेखीखाली. त्याला नाव दिलं होतं ‘सुब्रतो’. पहिल्या स्क्वॉड्रनमधले ते मुखर्जी हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले आणि १९६० साली टोकियोत वारले. एकेकाळच्या सिपायाने आपल्या जुन्या साहेबाचं नाव विमानावर घातलं, हे सांगताना मामांचा आवाज दाटून यायचा.

प्रत्येक सिपायाला ती उंची मिळाली नाही. मामा वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि त्यात त्यांना काही उणं वाटलं नाही. आज मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, नाशिकजवळ ओझरला विमानं दुरुस्त होतात. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या, बेळगावाकडच्या कितीतरी घरांत असे जुने फिटर, रिगर, आर्मरर अजून बसलेले असतील. त्यांच्यापाशी बसा, त्यांनी कोणकोणत्या विमानांवर सही केली ते विचारा आणि तारखेसकट लिहून ठेवा.