पत्रादेवीचे हुतात्मे आणि मान्यतेचा प्रश्न

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील, बांदे हे गोव्याच्या मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींच्या वाटेवरचे भारतीय हद्दीतील शेवटचे मोठे गाव होते आणि त्याच्या पलीकडे, गोव्याच्या पेडणे महालातील पत्रादेवी येथे पोर्तुगीज हद्द सुरू होत असे. पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन साहाय्यक समितीने १८ मे १९५५ पासून देशभरातील सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात पाठवण्यास आरंभ केला आणि १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र माणसे एकाच दिवशी सीमेवर जमली. पत्रादेवीला सत्याग्रहींच्या अग्रभागी असलेल्या मध्य प्रदेशातील सहोद्राबाई राय यांना पोर्तुगीजांच्या गोळ्या लागल्या, तर पंजाबचे कर्नैलसिंग जागीच ठार झाले. वेंगुर्ले तालुक्याला लागून असलेल्या तेरेखोल किल्ल्यावर पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांना हौतात्म्य आले. त्या एका दिवसात निरनिराळ्या ठिकाणी मिळून वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले.

या घटनेला युद्धातील हत्याकांड म्हणता येणार नाही, कारण तेव्हा युद्धच चालू नव्हते. परंतु नेमके त्यामुळेच निःशस्त्रांवर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीचा दोष अधिक गंभीर ठरतो. पोर्तुगाल आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’, म्हणजे स्वदेशाचेच भाग, म्हणवत असे. हा दावा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५ डिसेंबर १९६० रोजी फेटाळला आणि गोव्याची गणना ‘स्वयंशासन नसलेल्या प्रदेशां’त, म्हणजे जेथील जनतेच्या हाती आपला कारभार आलेला नाही अशा प्रदेशांत, केली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी पोर्तुगालने त्यावरील भारताचे सार्वभौमत्व, म्हणजे सर्वोच्च राज्याधिकार, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानेच मान्य केले. ही सारी मान्यता मुख्यतः भूमीच्या हक्काविषयी होती. त्या भूमीसाठी मेलेल्यांच्या न्यायाचा प्रश्न तिने सुटला नाही.

तो प्रश्न कसा हाताळता येतो, हे मोझांबिकमधील विरियामु गावाच्या उदाहरणावरून दिसते. तेथील स्वातंत्र्ययुद्धात १६ डिसेंबर १९७२ रोजी पोर्तुगीज सैन्याने शेकडो ग्रामस्थांची कत्तल केली. मिशनऱ्यांनी मृतांची नावे टिपून ठेवली, त्यांच्या आधारे लंडनच्या ‘टाइम्स’ने जुलै १९७३ मध्ये ही कत्तल जगापुढे आणली, आणि २०२२ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान अंतोनियो कॉश्ता, ज्यांचे पितृघराणे मडगावचे, यांनी मापुतो येथे तिच्याबद्दल क्षमा मागितली. सत्तेचा कबुलीजबाब पन्नास वर्षांनी आला, पण तो येऊ शकला याचे मोठे कारण नावांची ती नोंद होय.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे आणि लुधियाना जिल्ह्यातील ईसडू या कर्नैलसिंगांच्या गावी दर १५ ऑगस्टला त्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. ज्या राज्यसत्तेने विरियामुचे नाव घेऊन क्षमा मागितली, तिने पत्रादेवी आणि तेरेखोल यांचेही नाव घेतले पाहिजे, आणि ज्या गावांच्या वाटांनी सत्याग्रही सीमेपर्यंत गेले त्या सिंधुदुर्गातील गावांनी आपल्या आठवणी नावानिशी लिहून ठेवून त्या मागणीला आधार दिला पाहिजे.